मूठभर युरिया

मंगळवार, वणी

गच्चीवरच्या टमाटरची पानं कडेनं जळून राह्यली. माहा नवरा विजय वारला तेव्हापासून त्याच्या या बादल्या मीच सांभाळते. त्यात माती नाही, नुसत्या भाजक्या मातीच्या गोळ्या, अन् टाकीतून फिरणारं खताचं पाणी. सकाळी पाण्यात खत मोजायचं मीटर धरलं. आकडा त्यानं शिकवला तसाच होता, बरोबर. मंग जळतात कायले?

संध्याकाळी मामाजी, माहे सासरे, आपणच बोलले. "पानं पिवळी दिसली, बेटा. वावरात पऱ्हाटीले देतो तसा मूठभर युरिया टाकला टाकीत."

मूठभर. युरिया या मीटरले समजतच नाही, कितीही टाकला तरी आकडा तोच, हे विजयनंच सांगतलं होतं एकदा. मामाजींलेही तेच सांगतलं. मले राग याले पाह्यजे होता. पोराची शेवटची झाडं, अन् बापानंच... पण नाही आला राग. काहीच नाही आलं. टाकी रिकामी केली अन् गोळ्यांवर साधं पाणी सोडत बसली. मामाजी बाजूले उभे होते, मूठ अजून मिटलेलीच.

"मरतीन का?"

"माहीत नाही."

दोघं खाली आलो तर नणंदेचा फोन. कशी आहेस, जेवतेस ना, झोप लागते ना. रोजचंच. मी म्हटलं, "बरी आहे मी. एकदम बरी."

फोन ठेवला. मामाजी माह्याकडेच पाहून राह्यले होते.

"मीटरही बरोबरच सांगत होतं, बेटा," ते म्हणाले.