काकांच्या छातीचं माप

तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत, म्हणजे माझी पाठ सोडून. तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घरी जिने नाहीत, एवढं एक बरं. (जावई अजून जेवताना बातम्या मोठ्याने वाचून दाखवतात का? तसं असेल तर गुडघ्यांपेक्षा कानांना जपा.) काका गेल्यापासून तुम्ही कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही, म्हणून इथली हकिगत कळवतो. बसून वाचा.

नाटक मंडळींचे व्यवस्थापक आले होते. नव्या नाटकातल्या सेनापतीला चिलखत हवंय, आणि तेही काकांच्या हातचं, कारण माझ्या चिलखतात नटांचा श्वास कोंडतो अशी माझी ख्याती चौफेर झाली आहे. मी प्लास्टिक तापवून प्लास्टरच्या धडावर बसवतो. सगळं जग तसंच करतं. काका मात्र ते स्वतःच्याच अंगावर बसवायचे. जाड बंडी, तिच्यावर ओला टॉवेल, त्यावर तापून मऊ पडलेलं प्लास्टिक. काका छाती फुगवून उभे आणि तुम्ही हातमोजे घालून ते निवेपर्यंत दाबताय. तुम्ही "सोडा आता" म्हणालात की मगच ते श्वास सोडायचे. (बाकी कुठल्याही बाबतीत त्यांनी तुमचं ऐकल्याचं मला आठवत नाही.) त्यामुळे त्यांच्या प्रत्येक चिलखतात एक अख्खा श्वास शिल्लक असायचा आणि नट त्यात पल्लेदार वाक्यं सुखाने म्हणायचे.

तर त्यांचं शेवटचं चिलखत मी फळीवरून काढलं. सेनापती व्हायला निघालेला नट म्हणजे पाप्याचं पितर. चिलखतात तो बरणीतल्या चमच्यासारखा वाजायला लागला. मी बरगड्यांपाशी गरम हवेचा झोत सोडला, आत दाबलं, ओल्या फडक्याने निववलं. झकास बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर छाती पुन्हा फुगलेली! आता, प्लास्टिकला आठवण असते हे मला काकांनीच शिकवलंय. पुन्हा तापवलं की ते मूळ रूपावर जाऊ बघतं. पण मूळ रूप म्हणजे सपाट तक्ता. हे सपाट होत नाही, काकू. हे काका होतं. डावा खांदा किंचित उतरलेला, पोटावर बंडीच्या गुंडीचा ठसा, सगळं जिथल्या तिथे. आणि तेही कुणी तापवलेलं नसताना.

मी पुन्हा दाबलं आणि वरून पट्टा आवळला. पट्टा तुटला. (कोरा होता. दुकानदार म्हणतो, वापरणाऱ्याची चूक.) उन्हाने होत असेल म्हणून मागच्या गार खोलीत नेऊन ठेवलं, तर तिथेही तोच प्रकार. आपल्या रंगवणाऱ्या बाईंचा जगात कशावरच विश्वास नाही, पण हल्ली त्याही चिलखताकडे पाठ करून बसत नाहीत. काल मी त्याला हात लावून पाहिला. शेजारची सगळी चिलखतं गार होती. हे अंगाइतकं कोमट होतं, आणि छाती अशी ताठ, जशी दम रोखून धरलेल्या माणसाची असते. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं, कारण मला तो दिवस आठवला.

हेच चिलखत निवत होतं, आणि दूध उतू गेलं म्हणून तुम्ही मधेच धावलात. "सोडा" म्हणायचं राहून गेलं. काका लालबुंद होऊन उभेच. शेवटी त्यांनी आपणहून श्वास सोडला आणि जेवणं होईपर्यंत तुमच्या नावाने शंख केला. पुढे ते आजारी पडले आणि गेले, ते छातीच्या दुखण्याने. डॉक्टर तसं म्हणाले, मीही तसंच म्हणतो. तुम्ही मात्र ते दूधच मनाला लावून घेतलंत.

असो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्ही जाणताच. प्लास्टिकच हलकं निघालं असणार. माल पुरवणाऱ्याला खरमरीत पत्र धाडतो आहे. जावयांना नमस्कार सांगा, बातम्या मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.

तुमचा पुतण्या

ता. क. एकदा येऊन त्याला "सोडा आता" म्हणाल का? काम एवढंच आहे. म्हणजे नटाला ते मापात बसेल आणि मंडळींचं काम आपल्या हातून जाणार नाही. तुमचा आवाज काढून मी म्हणून पाहिलं. रंगवणाऱ्या बाई पोट धरधरून हसल्या. चिलखत ढिम्म हललं नाही.

आणखी एक ता. क. फोनवरून म्हणते, असं सुचवू नका. फोनवर तुमचा आवाज काकांना जन्मात ओळखू आला नाही, दरवेळी आपलं "कोण बोलतंय?"

हा शेवटचा. नटाचं निमित्त होतं. तो कालच दुसरीकडून चिलखत घेऊन गेला. तरी या. काका अजून दम धरून उभे आहेत.