खोडलेले तीन शब्द

देवाला स्मरून मी, अ‍ॅम्ब्रोज थर्केटल, राहणार बंगे, सफक परगणा, वय सेहेचाळीस, धंदा लाकडी पिंपे घडवण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. डोके शाबूत आहे. डावा पाय पिंपाखाली सापडून निकामी झाला, पण मृत्युपत्राला पाय लागत नाही. लिहून घेणारे आमच्या चर्चचे कारकून क्रिस्पमास्तर. मी बोलेन ते जसेच्या तसे उतरवायचे, असे त्यांना बजावले आहे.

पहिले. आत्मा देवाला. देह चर्चच्या आवारात, पण बापाच्या शेजारी नको. कारण पुढे येईल.

दुसरे. रंधे, वाकस, लोखंडी पट्ट्या ठोकायचे हातोडे, सगळी हत्यारे माझी मुलगी मर्सी हिला. तिने बांधलेले पिंप गळत नाही. माझे कधीकधी गळते, हे आता सांगायला हरकत नाही. बाल्ड्री बिअरवाल्याने मात्र माझी चांगली पिंपे गळकी म्हणून परत पाठवली होती. त्याला अंगणातले खरोखर गळके एक पिंप द्यावे, म्हणजे फरक कळेल.

तिसरे. कारखाना आणि नदीकाठचे आवार माझी बायको केझिया हिला. इथे क्रिस्पमास्तरांनी सवयीने पुढे लिहिले, 'विधवा राहील तोवर'. आमच्या गावात हे तीन शब्द नसलेले मृत्युपत्र नाही. बाईने पुन्हा लग्न केले की मालमत्ता हातची गेली. मी म्हटले, "खोडा."

"अरे, रीत आहे ती."

"रीत गेली खड्ड्यात! खोडा म्हणतो ना!"

आतून केझिया ओरडली, "अहो, अजून मेला नाहीत आणि माझ्यासाठी नवरा बघायला लागलात?"

"तूच बघ. फक्त बाल्ड्री नको!"

वर काट मारली आहे ती त्या तीन शब्दांवर. ती चूक समजू नये.

चौथे, आणि यासाठीच माझा जीव वरखाली होतो आहे. हेच तीन शब्द माझ्या बापाच्या मृत्युपत्रात होते. तो गेला तेव्हा मी चौदा वर्षांचा, आई डॉर्कस पस्तिशीची. भिंतीपलीकडच्या आवारात दोर वळणाऱ्या जेथ्रो लार्टरने तिला दोनदा मागणी घातली. दोनदा ती नाही म्हणाली. "घर गेलं तर पोराला घेऊन कुठे जाऊ?" घर काकाला मिळणार, असे काका गावभर सांगत फिरायचा आणि आम्ही ते खरे धरले. जेथ्रोने लग्नच केले नाही. दर शनिवारी तो भिंतीवरून नदीतले मासे देतो, आई त्याला सफरचंद भरून भाजलेला गोड पाव देते. तो म्हणतो 'थर्केटलबाई', ती म्हणते 'लार्टर'. बत्तीस वर्षे!

परवा सोमवारी नमुना म्हणून मास्तरांकडून बापाचे मृत्युपत्र मागवले आणि जन्मात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. पुढची ओळ अशी: 'तिने लग्न केल्यास घर माझा मुलगा अ‍ॅम्ब्रोज यास मिळावे.' मला! अरे देवा, मला! मी काय आईला रस्त्यावर काढणार होतो? पाय विसरून उठलो आणि धाडकन पडलो.

म्हणून लिहा मास्तर, घर आईचे, ती जिवंत असेपर्यंत, लग्न करो न करो.

मास्तर म्हणाले, "अ‍ॅम्ब्रोज, मृत्युपत्र तू मेल्यावर लागू होतं. वीस वर्षं जगलास तर?"

आईला पोराच्या मरणाची वाट बघायला लावू की काय! दुसरा कागद घेतला, 'घर आईचे, आजपासून, या घटकेपासून' असे लिहिले, सही ठोकली, आणि मगच या कागदाकडे वळलो.

आईला बोलावून दोन्ही वाचून दाखवले. ती म्हणाली, "सदुसष्टाव्या वर्षी? लोक हसतील रे."

"हसू देत!"

मग ती माझ्यावर कडाडली. "बत्तीस वर्षं! तुला वाचता येत होतं ना, मेल्या?"

येत होते. मी रडलो, हेही लिहा मास्तर.

तिने डोळे पुसले, एप्रन सोडून खुर्चीवर टाकला आणि मागच्या दाराने गेली. खिडकीतून आवाज आला, "जेथ्रो, तो दोर ठेव खाली. आत ये. साक्षीला माणूस हवा आहे."

मुक्काम बंगे, ९ मे १७७१.

सही: अ‍ॅम्ब्रोज थर्केटल

साक्षीदार: फिनियस क्रिस्प, चर्चचा कारकून

साक्षीदार: जेथ्रो लार्टर, दोर वळणारा. लिहिता येत नसल्याने दोराच्या गाठीची खूण. घाईत खूण दोनदा काढली, दोन्ही ग्राह्य धराव्यात.

कारकुनाची नोंद: येत्या रविवारी डॉर्कस थर्केटल, विधवा, आणि जेथ्रो लार्टर, अविवाहित, यांच्या लग्नाच्या तीन रविवारच्या घोषणांपैकी पहिली चर्चमध्ये करावी, असे मला वधूने सांगितले आहे.