रिकाम्या पोटाचा आकडा

३ फेब्रुवारी

मी काही खाल्लं नव्हतं! इथे तरी लिहून ठेवते. प्रयोगशाळेत कुणाला पटलेलं दिसलं नाही.

उपाशीपोटी यायचं, तोंडावर मास्क लावून सायकल मारायची. शरीर जास्त काय जाळतंय, चरबी की साखर, ते यंत्र श्वासावरून सांगतं. रात्रभर काही न खाल्लेला माणूस बराचसा चरबीवर चालतो. बाकी सगळे तसेच चालले. मी मात्र साखरेवर — जणू भरपेट नाश्ता करून आले होते.

हा प्रयोग चालवणाऱ्या मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं सांग. मी रागावणार नाही."

यंत्र सांभाळणारा चष्म्या सगळ्यांसमोरच, "काय गं, उशीखाली बिस्किटं ठेवतेस का?" सगळे हसले. मीही हसले. मी का हसले?

मी इथली साधी सहायक. एकजण गळाला म्हणून मला सायकलवर बसवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. खोटारडी ठरले तर कुठल्या तोंडाने राहू इथे?

५ फेब्रुवारी

पुन्हा तेच.

६ फेब्रुवारी

झोपेत उठून खात असेन का? स्वयंपाकघराच्या दाराला खुर्ची लावून झोपले. सकाळी खुर्ची जागच्या जागी. आई मात्र तिला अडखळली — "हे काय नवीन खूळ?"

आणखी एक गोंधळ. सायकलनंतर डोक्याची परीक्षा असते. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. उपाशी असताना काहीजण चाचपडतात. मी धडाधड सांगते. रिकाम्या पोटी माझं डोकं इतकं लख्ख कसं? बरं वाटतं. मग बरं वाटल्याची भीती वाटते.

११ फेब्रुवारी

मॅडमना उत्तर सापडलंय, म्हणे! ज्यांनी अगदी लहानपणी भूक काढली, त्यांचं शरीर पुढे वेगळं वागत असावं, असा त्यांचा अंदाज. "तुझ्या घरची परिस्थिती... तूच बोलली होतीस ना?"

बोलले होते. पण गळक्या छपराबद्दल! जेवणाबद्दल नव्हे.

यावर शोधनिबंध लिहायचा आणि पहिलं नाव माझं. पुढच्या शिक्षणाची सोय होईल. म्हणजे मी खोटारडी नाही. मी नमुना आहे. हसू की रडू?

घरी येऊन आईला विचारलं, लहानपणी माझे खाण्याचे हाल झाले का? तिने पातेलं आदळलं. "सांग तुझ्या त्या मॅडमना, एक दिवस उपाशी ठेवलं नाही पोरीला. एक दिवस!"

मग रात्री माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

१६ फेब्रुवारी

सापडलं!!

पहाटे लवकर जाग आली. बघते तर आई माझ्या पाण्याच्या बाटलीत चमचा फिरवतेय. पाणी प्यायला परवानगी असते, म्हणून उठल्या उठल्या मी ती बाटली घटाघट रिकामी करते. ओट्यावर पांढऱ्या पावडरीचा डबा. आई रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. ज्यांना जेवण जात नाही अशा रुग्णांना ही पावडर पाण्यातून देतात. तिने दुकानातून विकत आणली होती.

"आई, मला उपाशी जायचं असतं!"

"मग उपाशीच जातेस की. पाणी म्हणजे काय जेवण?"

"अगं, ही एक प्रकारची साखरच आहे!"

"गोड कुठाय? चाखून बघ."

चाखली. खरंच गोड नाही. पाणी जरा जड लागायचं, ते मी टाकीवर ढकललं होतं.

"आणि त्या सायकलवरून पडली असतीस म्हणजे?" ती म्हणाली.

१७ फेब्रुवारी

सांगितलं तर शोधनिबंध जातो, नावही जातं. वर आईचं हसं होईल. इतके दिवस मी खरी होते आणि कुणाला पटत नव्हतं. आता सगळ्यांना पटलंय आणि मी खोटी.

जेवण गेलं नाही. तेही आईच्या लक्षात आलं.

१९ फेब्रुवारी

सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "बरं झालं आत्ताच सांगितलंस," एवढंच. निबंध रद्द. माझ्या सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून.

चष्म्या मात्र खूश! "तरी म्हणत होतो, माझं यंत्र बिघडलेलं नाही!"

२३ फेब्रुवारी

आज खरी उपाशी. बाटली मी स्वतः भरली. आई पाठ करून उभी होती.

पाय शिशाचे. यंत्र म्हणालं — चरबी. चारचौघांसारखी! नंतर 'हिरवा' हा शब्द आला, मी हिरवा म्हणाले. शाई पिवळी होती. पुढचाही चुकला. किती हलकं वाटलं चुकताना! पण मग ते आधीचं लख्ख डोकं कुणाचं होतं, माझं की त्या चमच्याचं? की खोटारडी ठरायच्या धास्तीनेच ते तसं चालत होतं? काही कळत नाही.

२४ फेब्रुवारी

आईला सांगितलं — मॅडमचा अंदाज चुकला, माझं शरीर सगळ्यांसारखंच आहे. वाटलं, खूश होईल. ती ओल्या हातांनी तशीच खाली बसली.

"तू दीड वर्षाची होतीस," म्हणाली. "महिनाभर तुला रात्री नुसतं पाणी पाजून निजवलं. तेव्हा त्यात घालायला काही नव्हतं गं."