एकोणपन्नास सभासद

२ फेब्रुवारी
वाळवीने आज थेट सभासदांचं रजिस्टर गाठलं! पहिली बारा पानं भुगा. लाकडी कपाटं गेल्यातच जमा, आता पुस्तकांची पाळी. मुंबईचा एक ट्रस्ट ग्रंथालयांना अनुदान देतो म्हणे. अर्ज मीच करायचा — इथे ग्रंथपाल मी, शिपाई मी, झाडूवालीही मीच. मुदत चौदापर्यंत.

४ फेब्रुवारी
अर्ज झाला! नऊ पानं. कपाटं, संगणक, एसी, कूलर, अंगणात पेव्हर ब्लॉक... हात आखडला नाही.

हरिश्चंद्रकाका आले. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात, ते. नेहमीसारखे पायरीवर बसले, आत कधीच येत नाहीत. "पुस्तक बघलंय काय माका झोप येता!" तिथेच अर्ज वाचून दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"गो संचिता, देवाकडे असा मागतत? आधी कोण आसस ता सांग. मग अडचण सांग. मग एकच काय ता माग. आणि गावला तर काय करशीत, ता पण सांग!"

राग आला. मग अर्ज पुन्हा वाचला. नऊ पानांत वाळवी कुठेच नव्हती!

७ फेब्रुवारी
नवा अर्ज दोन पानी. मागणी एकच — आठ लोखंडी कपाटं. बदल्यात दर शनिवारी शाळेच्या मुलांना वाचनाचा तास. पायरीवरून काकांची दाद, गाऱ्हाण्याला गाव देतो तशी: "होय म्हाराजा!"

८ फेब्रुवारी
मेले! अट सहावी आज वाचली — किमान पन्नास सभासद. उरलेल्या पानांवर मोजले, एकोणपन्नास. वाळवीने खाल्लेल्या पानांवरचे सगळे कधीच वर पोचले, असं अध्यक्ष विनीतदादा म्हणतात.

११ फेब्रुवारी
दारोदार फिरले. अनुजा म्हणे, "मोबायलात सगळा गावता." शर्मिलावहिनींनी सोलकढी पाजली, सही नाही केली. विनीतदादा म्हणाले, "पन्नास लिव गो, कोण मोजूक येतलो?"

नाही लिहिणार. खोटं लिहून आणलेल्या कपाटात पुस्तकं लावायला माझा हात धजणार नाही. पण पुस्तकं वाळवीच्या तोंडी द्यायची? घरी येऊन रडले.

हो, काकांनाही विचारलं होतं — व्हा ना पन्नासावे! मान खाली घालून उठलेच. चहा अर्धा टाकून!

१२ फेब्रुवारी
काका आले नाहीत.

१३ फेब्रुवारी
आजही नाहीत. पायरी ओकीबोकी वाटते.

१४ फेब्रुवारी
सकाळी दारात काका! चपला काढून चक्क आत आले. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक ठेवलं. "बावन वर्सां झाली गो. परत करूक लाज वाटली." आत आमचंच कार्ड, काकांच्या नावाचं — आजीव सभासद, क्रमांक सात, वाळवीने खाल्लेल्या पानांतला. म्हणजे पन्नास आम्ही आधीपासूनच होतो, आणि पन्नासावा रोज पायरीवर बसायचा!

अर्ज पाठवला. काका अजून कपाटापाशीच उभे होते.

"आता दुसरा पुस्तक गावतला मां?"