आधी हाक, मग चेंडू

चिकलठाणा, औरंगाबाद
सप्टेंबर १९७८

माय,

कडूबाचा दंडवत. भिकन हे वाचून दाखवंल, त्याला सावकाश वाच म्हणावं. मी बरा हाये. कारखाना पुन्हा चालू झाला, जेवण टायमावर मिळतंय. काळजी करू नको.

कंपनीच्या फुटबॉलच्या टीममधी अजून खेळतो. फारूखभाई शिकवतात. चेंडू आला की पाय ढिला सोडायचा, म्हंजी तो उसळत नाय. अन् ज्याला द्यायचा त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आधी हाक, मग चेंडू.

उजवीकडं खेळणारा कचरू तुला ठावा हाये. दिवाळीला माझ्यासंगं आला व्हता, तू त्याला बाहेर ओट्यावर जेवाया वाढलं. विद्यापीठाच्या नावावरून दंगल झाली, तवा त्याच्या गावात बौद्धवाड्यातली घरं जाळली. आईला बघून येतो म्हणून गेला, तो आला नाय.

त्याच्या जागी आता सोनाजी खेळतो. काल चेंडू आला, मी न बघता "कचरू!" म्हणून हाक दिली अन् उजवीकडं मारला. सोनाजी जागचा हलला नाय. हाक त्याची नव्हती. चेंडू पार बाभळीत गेला. कुणी हसलं नाय, फारूखभाई रागावले नाय. मलाबी काही वाटलं नाय.

आपल्या गावात समदं ठीक हाये ना? खालच्या वाड्यातल्या बाया पाण्याला येतेत ना?

माय, मेंढी हरवली की तू सांजच्याला तिला नावानं हाकारतीस. कवा थांबायचं हे तुला कसं कळतं, तेवढं भिकनला लिहायला सांग.

तुझा
कडूबा