पाचवं वाक्य

मोरिवली,
बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. जिज्ञासा,

तुला आणि जावयांना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू कुकर लावता लावता नुसतं 'हं, हं' करतेस, आणि तुझे मेसेज घरात तिघं वाचतात. म्हणून पत्र.

हरिमामा बरा आहे. मामीने वालाचं बिरडं केलं होतं, तुझी आठवण काढली. केमिकल कंपन्यांचा वास कालपासून जास्तच मारतोय, खिडक्या लावून बसलेय. अजून काय? काही नाही. म्हणजे आहे. थांब, चहा ठेवून येते.

हां. तर माझा क्लास. उल्हासनगरला संध्याकाळी इंग्रजी शिकवते तोच, सगळे दुकानदार. मागच्या आठवड्यात 'यू' घेतला. म्हटलं, इंग्रजीत तू, तुम्ही, आपण ही भानगडच नाही. शेठ असो की हमाल, एकच यू. फर्निचरवाले लछमनभाई ओरडले, "मॅडम, ससुरजी को भी यू? मार खिलाओगी क्या!" हसून हसून पुरेवाट झाली. मग सांगितलं, कधी कधी यू म्हणजे समोरचा नसतोच, कुणीही असतो. घरून पाच वाक्यं करून आणा.

शरदचंद्र पाटील म्हणून एक आहेत. जीन्सच्या चेन-बटणांचं दुकान आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. नात ऑस्ट्रेलियात, तिला मराठी येत नाही, म्हणून या वयात इंग्रजी शिकतायत. ते उठले. "यू टीच वेल." ठीक. "यू वॉक टू स्टेशन अलोन." बरं. "यू गेट टायर्ड ऑफ ईटिंग अलोन." मला वाटलं, हे 'कुणीही'वालं. शाब्बास म्हटलं. चौथं काय होतं, आठवत नाही. पाचवं माझ्याकडे बघून, "विल यू ईट विथ मी एव्हरी डे?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. लछमनभाई म्हणाले, "एव्हरी डे लास्ट में, एकदम करेक्ट!" आणि मी मूर्ख बाई, ते वाक्य फळ्यावर उतरवलं, सगळ्यांना वहीत लिहायला लावलं!

क्लास सुटल्यावर ते मागे थांबले. "मॅडम, वाक्य बरोबर आलं ते कळलं. उत्तर नाही दिलंत."

मी फळा न पुसताच घरी पळाले गं. मामीला सांगितलं ताप आहे, आणि क्लासला दांडी मारली. बसवेना, झोपवेना. भात दोनदा करपवला.

तुझे बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाला मी आतल्या खोलीत बसते. तुझ्या हळदीलासुद्धा मागे उभी होते, तू हाका मारत होतीस तरी. बायका म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो, तिकरंच बरी हाय ती." मलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आता वाटतं. चीडच येते.

तुला वाटेल, आई विचारायला लिहितेय. नाही. मी काल त्यांच्या दुकानात जाऊन हो सांगून आले. एवढी लांबण लावली ती हेच लिहायचं धाडस होईना म्हणून. त्यांच्या हातातलं बटणांचं पाकीट सांडलं, मग दोघं खाली बसून वेचत राहिलो. मराठीत एकमेकांना काय म्हणायचं ते अजून जमत नाही. 'अहो' माझ्या तोंडून निघत नाही, 'मॅडम' त्यांना आता बरं वाटत नाही. सध्या 'यू'वरच भागवतोय.

रविवारी त्यांना घेऊन बदलापूरला येतेय. हरिमामाला सांगितलेलं नाही, तो आरडाओरडा करेल, करू दे. तुझ्या सासूबाई नाक मुरडतील, मुरडू देत. भीती मला फक्त तुझी वाटते. बाबांना विसरलीस, असं तू म्हणालीस तर मी उंबऱ्यावरूनच मागे फिरेन, आणि पुन्हा कुणाला हो म्हणायला जाणार नाही.

बेल वाजली की जावयांना पुढे करू नकोस. दार तू उघड.

आई