शुक्रवारची हातबोशी

पप्पा, आज माझ्या हाताखालच्या मुली एका भाजलेल्या माणसाला पहिल्यांदा उभं करत होत्या आणि मी त्यांच्यावर खेकसले, "आधी नळी बघा, मग माणूस!" मग दिवसभर तुम्हीच डोळ्यांपुढे.

आपण इस्रायलला आल्यावर डिमोनाच्या कारखान्यात तुम्ही वाफेनं भाजलात तेव्हा मी फिजिओथेरपी शिकून नुकती नोकरीला लागले होते. घरच्या पेशंटला हात लावायचा नाही, असा नियम. पण तुमचं हिब्रू शालोम आणि तोदाच्या, म्हणजे नमस्कार-आभारांच्या, पुढे कधी गेलंच नाही, म्हणून हेड सिस्टरनं मराठी येणाऱ्या मलाच पुढे केलं. पडून राहिलात तर छातीत कफ साचणार, सांधे आखडणार. उठवलं तर गळ्याजवळच्या शिरेतली नळी निसटायची भीती. सलाईन, औषधं, सगळं तिच्यातूनच जायचं आणि भाजलेल्या अंगावर दुसरी शीर सापडत नव्हती. नळी गेली तर तुम्ही गेलात, एवढी साधी गोष्ट होती.

शुक्रवारची दुपार कलतेय. नळी थोडी सैल ठेवून मी तुमच्या गाऊनला चिकटवलीय. लघवीची पिशवी सिस्टरच्या हातात.

"पप्पा, सावकाश. घाई नको."

"घाई तुला आहे गं. मला कुठे जायचंय?"

तुम्ही उभे राहता. पाय लटपटतात. माझा एक हात तुमच्या कमरेला, दुसरा नळीवर. कसेबसे खिडकीशी पोचतो. खाली रस्त्यावर शेवटच्या बससाठी पळापळ, सूर्यास्ताला शब्बाथ लागला की सगळं बंद.

"शब्बाथ लागला की काय?" म्हणत तुम्ही बँडेजमधले दोन्ही हात माझ्यापुढे धरता, सिनेगॉगमधून आल्यावर हातबोशीला धरायचात तसे: एकमेकांचे हात हातांत घ्यायचे, मग आपली बोटं ओठांना लावायची. आणि मी, शहाणी, सगळं सोडून तुमचे हात माझ्या दोन्ही हातांत घेते! लहानपणापासून हातबोशी कधी एका हातानं केली होती का?

तुम्ही डुललात, नळी ताणली गेली. सिस्टरनं झडप घालून ती धरली, खांद्यानं तुम्हाला सावरलं आणि हिब्रूत किंचाळली, "वेडी आहेस का? देव आला तरी नळी सोडायची नाही!" नळी जागेवर होती.

तुम्ही मात्र बँडेज ओठांना लावलंत. "ती का ओरडतेय? तिची हातबोशी राहिली म्हणून?" आणि हात तिच्यापुढे धरलेत.

पुढे तुम्ही स्वतःच्या पायांनी घरी गेलात, खूप वर्षं जगलात. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, टाकू कुठे? सिस्टरचं ते वाक्य मी मुलींना रोज ऐकवते. फक्त एक सांगत नाही: तुम्ही पुन्हा हात पुढे केलेत, तर मी पुन्हा नळी सोडीन.